आधी चर्चा होऊ द्या, मग ग्रंथ छापा

जानेवारी लागला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या महाविद्यालयांत चर्चासत्रांची एकच गर्दी होते. धान घरी आलेलं असतं, हवेत गारवा असतो, परीक्षा अजून लांब असतात आणि मार्चच्या आत निधी खर्ची घालायचा असतो. फाटकावर फलक लागतो. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाच्या हाती एक पिशवी येते. तीत वही, पेन, जेवणाचं कूपन आणि एक जाडजूड ग्रंथ असतो. हा ग्रंथ म्हणजे त्याच चर्चासत्राचं प्रोसिडिंग. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते त्याची फीत सुटते, टाळ्या होतात, फोटो निघतो. तोवर एकही पेपर वाचून झालेला नसतो, सभागृहातून एकही प्रश्न आलेला नसतो. पण त्या चर्चेचा ग्रंथ छापून, शिवून, आयएसबीएन क्रमांकासह तयार असतो.

ही पद्धत मोडली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी धानपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. चर्चासत्रांत पेपर वाचले, सत्रांचं अध्यक्षपद सांभाळलं, संपादक म्हणून दुसऱ्यांचे लेख छपाईसाठी तयार केले. पेपर वाचून झाल्यावर आणि छापून येण्याआधी जो काळ जातो, त्यातच अभ्यास पक्का होतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. आपण नेमका तोच काळ कापून टाकला. याचा फटका पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला जास्त बसतो. कारण इथल्या जंगलाबद्दल, तलावांबद्दल, गावांबद्दल ज्यांना सगळ्यांत जास्त कळतं, ते लेख लिहीत नाहीत. ते फार तर सभागृहात येऊन मागच्या रांगेत बसतात आणि धीर झाला तर उठून एक प्रश्न विचारतात. ग्रंथ आधीच छापलेला असेल, तर त्या प्रश्नाला कागदावर जागाच उरत नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या मागे किती तरी वर्षांची एक सवय आहे, अभ्यासगटाची. विषय आधी अभ्यासगटात घ्यायचा, बाहेरचा जाणकार असेल तर त्याला बोलवायचं, उलटसुलट विचारायचं. मग तो ग्रामसभेत न्यायचा आणि सर्वसहमती झाली की ठराव लिहायचा. आपल्या कोणत्याही खेड्यात इतिवृत्त सभा झाल्यावर लिहितात. सभेआधीच लिहून आणलेलं इतिवृत्त कोणी सह्यांसाठी पुढे केलं, तर जागी ग्रामसभा त्यावर अंगठासुद्धा उमटवणार नाही. हा साधा क्रम गावाला कळतो, तर तो विद्यापीठीय व्यवहारात का पाळला जाऊ नये?

हे सगळं ज्या एका पेपरमुळे माझ्या मनात ठाम झालं, त्याची हकिगत सांगते. विषय होता मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात फिरलेल्या माणसाला हे तलाव वेगळे दाखवावे लागत नाहीत. गावाच्या वरच्या अंगाला मातीची लांब पाळ, पाळीवर जुनी झाडं, खाली बांध्याच बांध्या. कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी ते बांधले, मालगुजारांनी सांभाळले. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५०चा कायदा आला, १९५१मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पाणी गावातच राहिलं, पण दुरुस्ती कोणी करायची हे पुढे कोणालाच नीट कळेना. गाळ साचत गेला.

शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण प्राध्यापकाने अशा काही तलावांतून गाळ काढल्यानंतर काय फरक पडला, याचा अभ्यास केला होता. २०१७पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू आहे, त्यामुळे विषय अगदी हातातला होता. मोजमाप मेहनतीने केलेलं होतं. गाळ काढण्याआधीची खोली, नंतरची खोली, किती पाणी वाढलं, खालच्या विहिरींची पातळी किती चढली, रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांना पाणी पुरलं की नाही, सगळं त्याने आलेखांत मांडलं. निष्कर्षही सरळ होता: गाळ काढा, आणि सगळ्याच तलावांचा काढा. मी सत्राची अध्यक्ष होते. प्रश्नोत्तरांना वेळ थोडाच होता, तरी तो मी दिला.

मागून एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. मच्छीमार सहकारी संस्थेचे होते, समारोपाला म्हणून बोलावलेले, पण सकाळपासून येऊन बसलेले. ते म्हणाले, “सर, गार काढला तं देवधानबी गेला. तलाव खोल झाला मनता, पन मासोरीनं अंडे कुठी द्याचे?”

हा प्रश्न ज्यांना समजला ते गप्प झाले. देवधान म्हणजे तलावाच्या उथळ पाण्यात आपसूक उगवणारं रानटी भात. त्याच कडेला कमळ असतं, शिंगाडा असतो, पाणगवत असतं. पहिल्या जोरदार पावसात तलाव भरू लागला की बरेच देशी मासे या उथळ, गवताळ पाण्यात चढतात आणि अंडी घालतात. पिल्लांना लपायला आणि खायला तिथेच मिळतं. जेसीबीने तलाव एकसारखा खोल केला, कडा तासून उभ्या केल्या, की पाणी वाढतं, पण ही उथळ पट्टी जाते. वर उघड्या पडलेल्या मातीत बेशरम नावाची वनस्पती फोफावते, आणि ती एकदा बसली की उठत नाही. पेपरमध्ये पाण्याचा हिशेब होता. तलावावर जगणाऱ्या दुसऱ्या माणसाचा नव्हता.

त्या तरुणाची एक गोष्ट मला फार आवडली. त्याने गोलमोल उत्तर दिलं नाही. “काका, हे मी पाहिलेलं नाही. तुमच्यासोबत येऊन पाहतो,” असं तो म्हणाला आणि खरोखर गेला. उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना, त्याच तलावांच्या कडेने त्यांच्याबरोबर चालला. कोणत्या अंगाला उतार मंद उरला आहे, कुठे देवधानाची जुनी खुंटं दिसतात, कोणता कोपरा जेसीबीने सोडला, हे त्याने वहीत टिपलं. त्याच्या तक्त्यात एक नवा रकाना आला: उथळ कड किती उरली. तो रकाना भरल्यावर निष्कर्ष बदलला. गाळ काढू नका, असं काही त्याने म्हटलं नाही. पाळीच्या बाजूचा, खोल भागातला गाळ काढा. पाणी ज्या बाजूने तलावात येतं, ती उथळ बाजू हात न लावता सोडा, आणि काम सुरू करण्याआधी मच्छीमार संस्थेला विचारा, असं तो आता म्हणत होता. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला उद्या सकाळी वापरता येईल, असा हा लेख झाला होता.

पण ग्रंथ निघून गेला होता. त्यात “सगळ्या तलावांचा गाळ काढा” म्हणणारा पहिला लेख होता आणि आजही आहे. आयोजक महाविद्यालयाकडे त्याने विचारणा केली, तेव्हा उत्तर आलं की आता काही करता येत नाही. दुसरीकडे पाठवावा, तर विषय तोच, आकडे तेच, नाव तेच. २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनंतर प्रत्येक संपादक आधी सॉफ्टवेअरचा अहवाल मागतो, आणि साम्य १० टक्क्यांच्या वर दिसलं की लेख परत येतो. म्हणजे कच्चा लेख छापला गेला आणि त्या कच्च्या लेखानेच पक्क्या लेखाची वाट अडवली. पुढे आमच्या महाविद्यालयाच्या चर्चासत्रात आम्ही तो सुधारलेला लेख घेतला, पहिल्या लेखाचा उल्लेख तळटीपेत स्वच्छ करून. पण असं घर प्रत्येक लेखाला मिळत नाही.

त्या वेळी आम्ही ग्रंथ चर्चासत्रानंतर काढला. त्यामुळे अंतिम लेख तयार करणं म्हणजे नेमकं काय काम असतं, हे आमच्या तरुण सहकाऱ्यांना जवळून पाहता आलं. ते इथे थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण ब्रोशरमध्ये त्याबद्दल फक्त फॉन्ट, आकार आणि शब्दमर्यादा एवढंच लिहिलेलं असतं.

फॉन्टचं मात्र खरंच बघावं लागतं. आपल्याकडे कोणी कृतीदेवमध्ये टाइप करतं, कोणी श्रीलिपीत, तर कोणी मोबाइलवर युनिकोडमध्ये. डीटीपीवाला सगळं एका साच्यात ओततो, आणि त्या रूपांतरात जोडाक्षरं फुटतात. ‘पऱ्हे’ हा आपल्या धानशेतीतला रोजचा शब्द हमखास मोडतो. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘श्र’चा ‘श’ होतो, आकडेवारीतला दशांशचिन्हाचा टिंब गळतो. खोली ‘१.८ मीटर’ची ‘१८ मीटर’ झाली, तर त्या लेखावर पुढे कोण विश्वास ठेवणार? म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ लेखकाने स्वतः, मूळ वही समोर घेऊन वाचलंच पाहिजे. पीडीएफ पाठवली आणि “ओके” असं उत्तर आलं, याला प्रूफ तपासणं म्हणत नाहीत.

मग नकाशे. पडद्यावर निळा-हिरवा-लाल झकास दिसणारा नकाशा काळ्या-पांढऱ्या छपाईत एकच करडा डाग होतो. तलाव कोणता आणि जंगल कोणतं, ते कळत नाही. रंगांच्या जागी रेघा, ठिपके, आडव्या-उभ्या खुणा वापराव्या लागतात. मग गावांची नावं. नवेगाव नावाची गावं या दोन जिल्ह्यांत किती तरी आहेत. तालुका लिहिला नाही, तर दहा वर्षांनी तो अभ्यास पुन्हा करू पाहणारा विद्यार्थी भलत्याच गावी जाऊन उभा राहील. मग मोजमापं. मच्छीमार फुटांत सांगतो, अभियंता मीटरमध्ये, जुना नकाशा एकरांत. तिन्ही ठेवा, पण तक्त्यात एकच धरा. मग भेटीचा महिना. फेब्रुवारीतला तलाव आणि मे महिन्यातला तलाव हे दोन वेगळे तलाव असतात.

आणि मग ते एक वाक्य, जे मी समोर आलेल्या प्रत्येक लेखात खोडते: “स्थानिक लोकांच्या मते.” कोणत्या लोकांच्या? १८६९ सालचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिणारा मेजर ल्युसी स्मिथ दीडशे वर्षांनंतरही आपल्या संदर्भसूचीत नाव-हुद्द्यासकट येतो. १९०९च्या चांदा गॅझेटियरचे बेगबी आणि नेल्सन येतात. ते यावेतच, त्यांनी काम केलं आहे. पण ज्या माणसाने भर उन्हात तलावाची कड दाखवली, ज्या बाईने कोणत्या रानभाजीचं कोणतं पान कधी खुडायचं ते सांगितलं, त्यांना मात्र आपण “स्थानिक लोक” करून टाकतो. नाव द्यायचं तर परवानगी घ्यावी लागते, आणि परवानगी घ्यायला पुन्हा जावं लागतं. औषधी वनस्पतींच्या बाबतीत तर हे सौजन्यापुरतं नाही. जैवविविधता कायदा २००२चा आहे आणि गावोगावच्या जैवविविधता समित्या त्यातूनच आल्या आहेत. कोणी म्हणेल, “नाव छापा,” कोणी म्हणेल, “माझं नको, गावाचं छापा,” आणि कोणी म्हणेल, “हे औषध छापूच नका.” तिन्ही उत्तरं मानली पाहिजेत. पण विचारायला वेळ हवा, आणि तो चर्चासत्र आटोपल्यावरच मिळतो. आधी तर सगळे ब्रोशरवरच्या तारखेमागे धावत असतात.

आपल्या मातीचंच एक उदाहरण आहे, ते आपल्या विद्यार्थ्यांना फारसं सांगितलं जात नाही. सिरोंच्याच्या उत्तरेला, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून खडकांच्या एका थराला जगभर ‘कोटा’ हेच नाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, इथल्या जीवाश्मांचा अभ्यास होतो आहे. १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी याच थरातून एका प्रचंड डायनासोरची हाडं काढली. सुमारे तीनशे हाडं, अनेक प्राण्यांची. १९७५मध्ये जैन, कुट्टी, रायचौधुरी आणि चॅटर्जी या चौघांनी त्याचं नाव जाहीर केलं: बारापासॉरस टागोरी. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची, १९६१ची, ती आठवण. १९७७मध्ये कोलकात्यात चौथा आंतरराष्ट्रीय गोंडवाना परिसंवाद भरला. या प्राण्याची वैशिष्ट्यं सांगणारा त्यांचा लेख त्या परिसंवादाच्या ग्रंथात आला. पहिल्या खंडात, पानं २०४ ते २१६. आणि तो ग्रंथ निघाला १९७९ साली.

परिसंवाद १९७७चा, ग्रंथ १९७९चा. त्याच मालिकेतला कॅनबेरा इथला परिसंवाद १९७३चा, त्याचा ग्रंथ १९७५चा. वेलिंग्टनचा परिसंवाद १९८०चा, ग्रंथ १९८१चा. प्रत्येक वेळी मधे एक-दोन वर्षं गेली. त्या काळात लेख तपासायला, आकृत्या पुन्हा काढायला, सभागृहात झालेली चर्चा लेखांत उतरवायला वाव मिळाला. म्हणून २०१०मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच हाडांचा सविस्तर अभ्यास छापला, तेव्हाही त्यांना त्या जुन्या तेरा पानांचा आधार घेता आला. ज्या मालिकेच्या नावात आपल्या गोंडांच्या भूमीचं नाव आहे आणि जिच्यात कोटा थरातली हाडं नोंदली गेली, तिची शिस्त आपल्या दोन जिल्ह्यांनी घ्यायला काय हरकत आहे? २०११मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचं नावही गोंडवानाच आहे.

लहान गावातला नेमका अभ्यास जगात कुठवर पोचतो, हेही गडचिरोलीने दाखवून दिलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. तो चर्चासत्रातला पेपर नव्हता, पण माझ्या मुद्द्याला तो लागू आहे: गावं कोणती, तपासणी कोणाची, किती जणींची, हे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि त्यांच्याच ‘सर्च’ संस्थेचा बालमृत्यूंवरचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ २००१मध्ये मराठीत निघाला, म्हणून तो गावातल्या कार्यकर्त्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना वाचता आला. आपल्या चर्चासत्रांतले इंग्रजी लेख इंग्रजीत राहू देत, पण प्रत्येकाच्या सुरुवातीला एक पानभर मराठी सारांश असलाच पाहिजे. तोही लेखकाने स्वतः लिहिलेला, यंत्राकडून करून घेतलेला नको.

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. अभियांत्रिकीतले मित्र सांगतात की त्यांच्याकडे ग्रंथ परिषदेआधीच तयार असतो आणि तरीही दर्जा राहतो. खरं आहे. पण तिथे लेख आधी दोन-तीन परीक्षकांकडे जातो, त्यांचे शेरे येतात, लेखक दुरुस्ती करून अंतिम प्रत पाठवतो आणि मगच ती छापली जाते. म्हणजे प्रश्न आधी विचारून झालेले असतात. आपल्याकडे परीक्षणही नाही आणि नंतरची दुरुस्तीही नाही. दोन्हींपैकी एक तरी हवंच. आपल्या विषयांत परीक्षक मिळणं अवघड आहे, हे मी मान्य करते. मामा तलावावरचा लेख तपासायला मला कोणी विचारलं, तर मी त्या मच्छीमार काकांचंच नाव सुचवीन. म्हणूनच आपल्याला चर्चेनंतरचा मार्ग सोयीचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. “मॅडम, नंतर काढायचा म्हटलं तर ग्रंथ निघतच नाही.” आयोजकांचा उत्साह ओसरतो, पैसे परत जातात, लेखक फोन उचलत नाहीत. यात तथ्य आहे. आम्ही नंतर ग्रंथ काढला, तेव्हा वाचलेल्यांपैकी काही लेख शेवटपर्यंत आलेच नाहीत. ग्रंथ बारीक झाला. पण जे आले, ते वाचण्यासारखे आले, आणि त्यांतले काही अजूनही विद्यार्थी मागून नेतात. जे आले नाहीत, त्यांच्या लेखकांना तो विषय पुढे न्यायचाच नव्हता, हे त्यातून कळलं. ते कळण्यातही फायदा आहे.

या घाईच्या मुळाशी गुण आहेत, हे सगळ्या प्राध्यापकांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत चर्चासत्रातल्या पेपरला गुण ठरलेले आहेत: परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २. पण त्याच नियमात असंही म्हटलं आहे की पेपर वाचला आणि तोच प्रोसिडिंगमध्ये पूर्ण छापूनही आला, तरी गुण एकदाच मिळतील. मग पेपर वाचल्याचं प्रमाणपत्र हाती असताना त्याच दिवशी ग्रंथही हाती पडलाच पाहिजे, ही धावपळ कशासाठी? ग्रंथ सहा-आठ महिन्यांनी आला म्हणून कोणाचा एकही गुण बुडत नाही. मला वाटतं, आपण नियम न वाचता रूढी पाळत आलो आहोत. उद्घाटनाला प्रकाशन झालंच पाहिजे, नाहीतर कार्यक्रम ओका दिसतो, एवढंच त्यामागे उरतं. प्रकाशन करायचंच असेल, तर गोषवाऱ्यांची पुस्तिका प्रकाशित करा. ती आधी निघायलाच हवी, म्हणजे कोणते प्रश्न विचारायचे ते लोक ठरवून येतील.

आपल्या भागाचं वेळापत्रकही या कामाला जुळतं. चर्चासत्र जानेवारी-फेब्रुवारीत. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी. मेमध्ये सुट्टी लागते, तेव्हा पुन्हा गावात जायचं. मात्र सकाळी नाही. सकाळी सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं असतं. दुपारनंतर, पुडे बांधून झाल्यावर लोक भेटतात. एकदा पाऊस सुरू झाला की भामरागडकडे जायची सोय राहत नाही. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटतो. म्हणून अंतिम लेखाची तारीख १५ जून ठरवावी. पावसाळ्यात संपादन आणि प्रूफ, दिवाळीच्या आसपास छपाई. पैशाचा प्रश्न राहतोच. मार्चअखेर हिशेब पूर्ण करा, ही सक्ती निधी देणाऱ्यांनी फक्त चर्चासत्राच्या खर्चापुरती ठेवावी आणि ग्रंथासाठीचा हिस्सा पुढच्या आर्थिक वर्षात द्यावा. अंतिम लेख आल्याशिवाय तो देऊच नये. गोंडवाना विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी एवढं एक परिपत्रक काढलं, तरी दोन वर्षांत फरक दिसेल.

ग्रंथ निघाल्यावर तो जातो कुठे, हाही प्रश्न आहे. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. चर्चासत्रांच्या ग्रंथांना असं एक ठिकाण नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवायची असते. आपल्या किती महाविद्यालयांना हे माहीत आहे? उरलेल्या प्रती प्राचार्यांच्या कपाटात राहतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दोन्ही जिल्ह्यांतल्या अशा सगळ्या ग्रंथांच्या पीडीएफ एका जागी, कोणालाही उघडता येतील अशा ठेवाव्यात. सिरोंच्याहून गडचिरोलीला यायचं तर दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर पडतं. तिथल्या विद्यार्थ्याला ते मोबाइलवर वाचता आलं पाहिजे. आणि ज्या गावाचा अभ्यास आहे, त्या ग्रामसभेला छापील लेखाची प्रत पोचलीच पाहिजे. पोस्टाने नको, लेखकाने स्वतः नेऊन द्यावी आणि सभेत वाचून दाखवावी. काही चुकलं असेल, तर ते तिथेच कळेल.

येत्या हंगामात ज्या महाविद्यालयांकडे चर्चासत्र आहे, त्यांचं ब्रोशर आत्ता डीटीपीवाल्याकडे असेल. त्यात ‘पूर्ण पेपर पाठवण्याची अंतिम तारीख’ म्हणून डिसेंबरमधली एखादी तारीख असेल. तिथे एवढंच लिहावं: गोषवारा डिसेंबरमध्ये पाठवा, पूर्ण लेख, सत्रात आलेल्या प्रश्नांच्या उत्तरांसह आणि माहिती देणाऱ्यांच्या संमतीसह, १५ जूनपर्यंत.